कोण कोणासमोर बसणार

शनिवारी रात्री जेवणं आवरली की मी निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाच्या खोलीत वीस-बावीस मुलं बुद्धिबळ खेळायला येणार असतात, आणि त्यातलं कोण कोणासमोर बसणार हे आदल्या रात्री ठरवायचं असतं. त्यात तास-दीड तास सहज जातो. घरचे म्हणतात, चिठ्ठ्या टाक आणि मोकळी हो. पहिले सहा-सात महिने मी चिठ्ठ्याच टाकत होते. त्यापायी एका मुलीनं येणं कायमचं सोडलं, तेव्हापासून ही वही आहे.

मुलांचा बुद्धिबळाचा क्लब सुरू करायला काय लागतं, असं हल्ली बरेच जण विचारतात. पट लागतात, खोली लागते, चार चाली जाणणारं माणूस लागतं. पण तो टिकतो की मोडतो, हे या वहीवर ठरतं असं मला तीन वर्षांनंतर ठामपणे वाटतं. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मोठी खेळाडू नाही. एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. बुद्धिबळ माझ्याकडे बाबांकडून आलं. आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर रविवारी दुपारी त्यांचा डाव मांडलेला असे आणि मी मारलेले मोहरे रांगेत लावत बसे. लॉकडाऊन उठल्यावर आजूबाजूची मुलं बघून जीव कासावीस व्हायचा. जिन्यात शेजारीशेजारी बसायची आणि प्रत्येकाचं तोंड आपापल्या मोबाइलात. त्यातली दोघं-तिघं मोबाइलवर बुद्धिबळच खेळत होती! एकमेकांशी नाही, कुठल्याशा अनोळखी माणसाशी. तेव्हा मंडळाच्या लोकांना विचारलं, खोली रविवारी सकाळी देता का? गणपतीचे दिवस सोडून ती खोली रिकामीच असते. एका कोपऱ्यात ढोल, दुसऱ्या कोपऱ्यात मखराच्या फळ्या, मध्ये सतरंजी. २०२२च्या मे महिन्यात तिथे सुरुवात केली.

सहा सेट पदरच्या पैशांनी घेतले. गुंडाळता येणारे रेक्झिनसारखे पट आणि प्लॅस्टिकचे, बुडाशी वजन घातलेले मोहरे. राजा पावणेचार इंच उंच आणि पटाचं घर सव्वादोन इंचांचं, हे स्पर्धेत चालणारं माप. मुलांना सुरुवातीपासून याच मापाची सवय लावावी. छोट्या पटावर खेळलेलं मूल मोठा पट पाहिला की बावचळतं, उंटाची तिरकी वाट त्याला लांबवर दिसतच नाही. सातवा सेट बाबांचा, सागवानी.

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. निम्मी मराठी, बाकीची गुजराती, दोन घरं उत्तर प्रदेशातली. भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं, पण ती आलीच नाही. हत्ती सगळ्यांचाच हाथी, घोडा घोडो, उंट ऊंट, वजीर तर वजीरच. मी दीड तास चाली समजावून सांगायचा बेत केला होता. वीस मिनिटांत निम्मी मुलं ढोलाजवळ पोहोचली. पुढच्या वेळेपासून वजीर, हत्ती, उंट, घोडे सगळे पिशवीत ठेवले आणि पटावर नुसती प्यादी मांडली. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोहोचेल तो जिंकला. या प्याद्यांच्या लढाईवर आम्ही तीन रविवार काढले. प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं, एवढ्या एका गोष्टीत किती गंमत आहे हे त्या तीन रविवारांत मलाही नव्यानं कळलं. चौथ्या रविवारी मुलंच म्हणाली, आता घोडा द्या.

आता त्या मुलीबद्दल. तिसरीत होती, जांभळी पाण्याची बाटली गळ्यात घालूनच खेळायची. चांगली खेळत होती. घोड्याची अडीच घरं तिला सगळ्यांत आधी जमली. तेव्हाच एका मुलाला त्याच्या मामानं चार चालींची मात शिकवली. राजासमोरचं प्यादं, मग उंट बाहेर, मग वजीर पटाच्या कडेला, आणि चौथ्या चालीला वजीर येऊन राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं मारतो. त्या प्याद्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो, म्हणून ही मात लागते. ज्याला ठाऊक आहे तो घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून वजिराला परत पाठवतो. ज्याला ठाऊक नाही त्याचा डाव मिनिटभरात संपतो.

माझ्या चिठ्ठ्यांनी त्या मुलीला लागोपाठ दोन रविवार त्याच मुलासमोर बसवलं आणि तिसऱ्या रविवारी त्याच्याकडून ती मात शिकलेल्या दुसऱ्या मुलासमोर. तिसऱ्या वेळी वजीर कडेला आलेला दिसला आणि तिला कळलं की आता काय होणार. कसं थांबवायचं ते कळेना. तिनं त्या उंटापुढच्या प्याद्यावर तळहात ठेवला, झाकल्यासारखा. समोरचा म्हणाला, "हात लावला! आता तेच चालव." मी जवळच उभी होते. हात लावला की चालायचं हा नियम मीच महिनाभर घोकून घेतला होता. मी म्हटलं, "हो बाळा, नियम आहे." तिनं प्यादं एक घर सरकवलं. लगेच समोरचा ओरडला, "काकू, राजाला चेक बसला, चाल चुकीची!" मी प्यादं मागे ठेवायला लावलं. तोवर तिचे डोळे भरले होते. तिनं कडेचं कुठलंसं प्यादं ढकललं आणि चौथी चाल झाली.

रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते प्यादं हलूच शकत नव्हतं. वजीर, ते प्यादं आणि राजा एकाच तिरक्या रेषेत होते. प्यादं हललं की राजा उघडा. आणि हात लावलेल्या मोहऱ्याला एकही कायदेशीर चाल नसेल तर खेळाडूवर कसलंच बंधन राहत नाही, त्याला हवी ती दुसरी चाल करता येते. नियम मी अर्धाच सांगितला होता. "ते हलत नाही, तू मोकळी आहेस, शांतपणे बघ" एवढं मी म्हणायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी बाबांचा पट घेऊन तिच्या घरी गेले. आईनं चहा केला. मुलगी दाराआडून ऐकत होती. मी तिला बोलावून सांगितलं की चूक माझी होती, तुझी नव्हती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी काय चालायला हवं होतं?" मी घोड्यापुढचं प्यादं दाखवलं. तिनं ते स्वतः एकदा सरकवून बघितलं, वजीर मागे नेला, मान डोलावली. म्हणाली, "मी आता स्केटिंगला जाते." ती परत आली नाही. खंडेराव मार्केटात कधी दिसते, हसते, मोठी झाली आहे. तिला पाहिलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं.

उत्तरायण झाल्यावर, म्हणजे २०२३च्या जानेवारीत, वही सुरू केली. (उत्तरायणाच्या आधीचा आणि नंतरचा रविवार इथे क्लब ठेवण्यात अर्थ नसतो, सगळी मुलं पतंग उडवायला गच्चीवर. नवरात्रातही तेच. रात्री दोनपर्यंत गरबा खेळलेलं मूल सकाळी पटावर झोपतं.) वहीत प्रत्येक मुलाला एक पान. तारीख, समोर कोण, पांढरे की काळे, काय झालं आणि एक ओळ शेरा. "वजीर लवकर बाहेर काढतो." "हरल्यावर मोहरे न लावता उठते." "जिंकत असताना बरोबरी मागितली, का?" या शेऱ्यांतून जोड्या ठरतात.

एका रविवारी प्रत्येकाचे तीन डाव. एक साधारण बरोबरीच्याशी, एक वरचढाशी, एक आपल्याहून नवख्याशी. मधला डाव हरला तरी मूल घरी जाताना काहीतरी जिंकून जातं. नवख्यासमोर बसणाऱ्या वरचढानं वजीर किंवा हत्ती काढून खेळायचं, म्हणजे त्यालाही घाम फुटतो. चार चालींत मात करणारा तो मुलगा वजिराशिवाय खेळायला लागला तेव्हा पहिले तीन रविवार रुसला होता. मग त्याला शेवटचा खेळ यायला लागला, राजा आणि प्यादं, राजा आणि हत्ती. आज आमच्याकडे त्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

दोन सख्ख्या भावंडांना समोरासमोर बसवू नये. आईवडील आत नकोत. ते बाहेर ओट्यावर बसतात, त्यांच्यासाठी चटई असते. एक वडील खिडकीतून खोकून चाल सुचवत होते, त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं. ते रागावले, महिनाभर मुलाला पाठवलं नाही, मग पाठवायला लागले.

गणपतीतली स्पर्धा हा वेगळाच धडा. पहिल्या वर्षी, २०२२ला, मी बाद पद्धतीनं घेतली. हरला की बाहेर. सोळा मुलं होती. वीस मिनिटांत आठ जण स्पर्धेतून गेली आणि उरलेला दिवसभर मंडपात धिंगाणा घालत राहिली. नवीन कपडे घालून, आजी-आजोबांना घेऊन आलेली मुलं ती! पुढच्या वर्षी स्विस पद्धत घेतली. त्यात कोणीच बाद होत नाही. पाच फेऱ्या ठरल्या तर सगळे पाचही खेळतात. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेले समोरासमोर येतात, एकदा झालेली जोडी पुन्हा होत नाही. जिंकला तर एक, बरोबरीत अर्धा. शेवटी गुण सारखे झाले तर ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज बघतात. दोन हरलेलं मूल तिसऱ्या फेरीत दोन हरलेल्याच मुलासमोर बसतं आणि कोणीतरी एक हमखास हसत उठतं. जगभरच्या बऱ्याच स्पर्धा अशाच चालतात. जे मी वहीत चाचपडत करत होते ते कोणीतरी केव्हाच नीट बांधून ठेवलं होतं.

स्विस पद्धतीतली एकच गोष्ट मला खुपते. मुलं विषम असतील तर दर फेरीत एक जण रिकामा राहतो. त्याला फुकटचा गुण मिळतो, पण आठ वर्षांच्या मुलाला गुण नको असतो, खेळ हवा असतो. यावर उपाय सापडला तो एका आजोबांमुळे.

हे आजोबा नातवाला सोडायला यायचे. वय ऐंशीच्या घरात, बाबांच्या ओळखीचे. एकदा दारातून म्हणाले, "अगं, हे प्यादं पहिल्याच उडीला दोन घरं कसं गेलं?" त्यांना आपला देशी डावच येत होता. त्यात प्यादं सुरुवातीपासून एकेकच घर चालतं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नाही; त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मोहरा होतो, सरसकट वजीर नाही. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. राजा घोड्यासारखा उडतो हे ऐकून एकाला हसू आवरेना. आजोबांनी त्या दिवशी एकापाठोपाठ पाच जणांना हरवलं, आणि प्रत्येक डावानंतर "पुन्हा मांड" म्हणाले. तेव्हापासून जो मुलगा किंवा मुलगी रिकामी राहील ती आजोबांसमोर बसते, देशी नियमांनी. आता मुलंच म्हणतात, "काकू, या वेळी मला उरू द्या."

२०२४च्या ऑगस्टमध्ये मंडळाला गणपतीच्या तयारीसाठी कपाट हवं होतं, म्हणून मी सगळे सेट घरी आणून दिवाणाखाली ठेवले. आमचं घर कारेलीबागेत, तळमजल्यावर. जन्माष्टमीच्या सुमाराला पाऊस लागला तो थांबेना, आणि विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ मुलं एकमेकांना पाठवत होती, आणि मला डोळ्यासमोर फक्त दिवाणाखालचे खोके दिसत होते. चौदा सेट झाले होते तोवर, आणि डावाची वेळ मोजणारी चार डिजिटल घड्याळं.

पाणी ओसरल्यावर खोके उघडले तर सगळं गाळानं माखलेलं. पट धुऊन दोरीवर वाळत घातले, त्यांना काही झालं नव्हतं. तीन घड्याळं गेली. मोहऱ्यांच्या बुडाचं हिरवं कापड सुटून आलं होतं आणि आतल्या लोखंडी वजनावर गंज धरायला लागला होता. बाबांचा सागवानी सेट फुगला. पांढऱ्या वजिराच्या डोक्यापासून कमरेपर्यंत चीर गेली आणि सगळे पांढरे मोहरे चहाच्या रंगाचे झाले. मी ते एकेक करून गच्चीवर मांडले आणि तिथेच बसून रडले.

दोन दिवसांनी मुलं आली. मी बोलावलं नव्हतं, कोणीतरी एकानं बाकीच्यांना सांगितलं होतं. प्रत्येकाच्या हातात घरचा जुना टूथब्रश. गच्चीवर तीन टब मांडले. एकात साबणाचं पाणी, दोनात साधं. हत्तीच्या बुरुजाच्या खाचांत गाळ घट्ट बसला होता, तो एक मुलगी आईच्या केसांच्या पिनेनं काढत होती. घोड्याच्या आयाळीत सगळ्यात जास्त. बुडाला लावायला कापड कुठून आणायचं, तर मंडळाच्या एका दादानं मखरातून उरलेली हिरवी आणि मरून मखमल आणून दिली. मोहरा त्यावर ठेवायचा, पेनानं गोल काढायचा, कापायचा, चिकटवायचा. तीनशेहून जास्त गोल मुलांनी कापले. काही वाकडे आहेत. आजही आमच्या पटावर मोहरा सरकला की आवाज होत नाही, मखमलीवर घसरतो. बाबांच्या वजिराची चीर डिंकानं आणि दोऱ्यानं बांधली आहे, तो तसाच खेळतो.

त्या वर्षी स्पर्धा झाली नाही. पण २२ सप्टेंबरला, रविवारीच, बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या आणि महिला गटांतल्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवलं. नाशिकचा विदित गुजराथी एका संघात, नागपूरची दिव्या देशमुख दुसऱ्यात. पुढचा रविवार मुलांनी फक्त त्या डावांवर घालवला. डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि त्याच्या नंतरच्या रविवारी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला. एकदम चाळीस-पंचेचाळीस मुलं. एक गुजराती आई पहिल्याच दिवशी विचारत होत्या, "बेन, रेटिंग क्यारे आवशे?" म्हणजे रेटिंग कधी येणार. मी समजावलं, रेटिंग म्हणजे जागतिक संघटनेनं दिलेला खेळाच्या ताकदीचा आकडा; त्यासाठी रेटिंग असलेल्या पाच जणांशी मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळावं लागतं, गुण मिळवावे लागतात, आणि मार्च २०२४पासून किमान रेटिंगच १४०० झालं आहे; आधी मुलाला इथे बसून हरायला आणि जिंकायला आवडू दे. तेजस बाकरे अहमदाबादचा, गुजरातचा पहिला ग्रँडमास्टर, म्हणजे या मातीत होतं सगळं. पण घाईनं नाही. उन्हाळ्यापर्यंत निम्मे गळाले. राहिलेल्यांत त्या बाईंचा मुलगा आहे.

फीचा वादही तेव्हाच झाला. मंडळातले काही म्हणाले, महिना पाचशे घ्या, फुकट मिळालेल्याची किंमत नसते. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या बडोद्यात मी मुलांकडून पटावर बसायचे पाचशे घेऊ? शेवटी महिना तीस रुपये ठरले, ज्याला जमेल त्यानं. वीजबिल आणि घड्याळाचे सेल त्यात भागतात.

मुलींबद्दल मला विशेष काळजी असते, ती जांभळ्या बाटलीमुळे. नव्या मुलीला पहिले दोन रविवार मी मुद्दाम मुलीसमोरच बसवत असे, तिला बरं वाटावं म्हणून. एका सहावीतल्या मुलीनं मला अडवलं. "काकू, मी फक्त मुलींशी का?" तिला मी बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकरांची गोष्ट सांगितली. १९७६ साली, शाळकरी वयात, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून इतका वाद झाला की जागतिक बुद्धिबळ संघटनेला सांगावं लागलं, बाईला अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. गोष्ट सांगता सांगता मलाच जाणवलं की मी उलटं वागते आहे. ती सवय सोडली. २०२५च्या जुलैत दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला त्या आठवड्यात चार नव्या मुली आल्या. चौघींना चार वेगळ्या मुलांसमोर बसवलं आणि त्या मुलांना आधी बजावलं, वजीर काढून खेळा.

आज शनिवार. वही समोर आहे. उद्या तेवीस मुलं, म्हणजे एक उरतंय. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी झालं, म्हणून ते येणार नाहीत असं धरून मी त्या जागी माझं नाव लिहिलं होतं. आत्ताच त्यांचा फोन आला. पट्टी काढली आहे, एका डोळ्याला नीट दिसतं, येतो म्हणाले. फक्त घड्याळ लावू नका आणि मला काळे द्या, पांढऱ्यांची अजून चमक येते. मी माझं नाव खोडलं. समोर चौथीतल्या नव्या मुलीचं नाव आहे. तिला अजून राजाची अडीच घरांची उडी माहीत नाही.